कोन फिल्टरवर बंदी, मोजमाप कुठेच नाही

बॉनेट उघडायचं, कंपनीने दिलेला काळा प्लास्टिकचा एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरची बंद पेटी, काढून माळ्यावर टाकायचा, हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, एक एल्बो आणि दोन-तीन क्लिपा आणायच्या आणि टोकाला लाल रंगाचा कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा हवेचा फिल्टर, बसवायचा. सगळं काम एका दुपारचं. संध्याकाळी एक्सिलेटर दाबला की गाडी घशातून गुरगुरते आणि मालकाची खात्री पटते की पिकअप वाढलं.

कायद्याच्या नजरेत हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच वाचनावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

या वादात दोन्ही बाजू मोजमाप टाळतात, हे माझं म्हणणं आहे. हौशी माणूस आवाजावरून ताकद ठरवतो आणि कायदा सुटा भाग बघून गुन्हा ठरवतो. इंजिनात काय शिरतं आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं, हे दोघंही बघत नाहीत. म्हणून सरसकट बंदीऐवजी मंजुरीची वाट हवी आणि ती वाट मोजमापातून जायला हवी. अर्थात तसं झालं तर घरगुती इनटेकांपैकी (इंजिनात हवा नेणाऱ्या अशा पाइप-फिल्टरच्या जोडण्यांपैकी) बहुतेक त्या मोजमापात नापास होतील, हेही आधीच सांगून टाकतो.

हिशोब करून बघा. १.२ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला, सिलिंडर ८८ टक्के भरतात असं धरलं तर, सेकंदाला साधारण ५३ लिटर हवा ओढतं. एवढी हवा स्वच्छ फिल्टर, बॉक्स आणि पुढच्या नळीतून जाताना दाबात जी घट होते ती चांगल्या स्थितीतल्या गाडीत सहसा एक ते तीन किलोपास्कल असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. म्हणजे जगातला सर्वांत मोकळा पाइप लावला आणि अडथळा शून्यावर आणला, तरी पूर्ण एक्सिलेटरवर एक ते तीन टक्क्यांच्या पलीकडे हातात काही पडणार नाही. प्रत्यक्षात अडथळा शून्य होत नाही, त्यामुळे त्याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागतं. पुण्यात हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. खंडाळा घाट उतरून मुंबईत आल्यावर इंजिनाला फुकटात जे सहा किलोपास्कल मिळतात, ते कुठलाही कोन फिल्टर देऊ शकत नाही. मुंबईत गाडी मोकळी पळते असं पुणेकर सांगतात त्यामागे हेच कारण असतं. गॅरेजमधून नुकतंच काही बसवून आणलं असेल तर श्रेय मात्र त्याला जातं.

ॲव्हरेज वाढतं हा दावा तर पेट्रोल गाडीत टिकतच नाही. शहरात २००० आरपीएमला हलक्या पायाने चालणाऱ्या गाडीचा थ्रॉटल, म्हणजे एक्सिलेटरने उघडणारी हवेची झडप, अर्धाही उघडलेला नसतो. मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमधला, दाब तेव्हा ४० किलोपास्कलच्या आसपास असतो, कारण थ्रॉटलची पाकळी स्वतःच पन्नासहून जास्त किलोपास्कल अडवून बसलेली असते. तिच्या मागे फिल्टरने अर्धा किलोपास्कल कमी अडवला काय किंवा जास्त अडवला काय, ड्रायव्हर पाय तेवढा कमी-जास्त करतो आणि हिशोब जुळतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबवलेल्या फिल्टरवर चाचण्या केल्या तेव्हा फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या इंधनखपतीत लक्षणीय फरक पडला नाही. वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज घटत नसेल तर मोकळ्या फिल्टरने ते वाढेल कसं?

आता उष्णता. कंपनीचा एअरबॉक्स बहुधा ग्रिलच्या मागून किंवा हेडलाइटच्या बाजूने, सोंडेसारख्या नळीतून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची हवा घेतो. बाहेर ३५ अंश असताना सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात. तीस अंशांच्या या फरकाने हवा नऊ टक्क्यांनी विरळ होते. ताकद तितक्याच प्रमाणात घसरत नाही, कारण पोर्टमधून आत जाताना हवा तशीही तापते. पण गरम हवा दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक) टाळायला ठिणगीची वेळ मागे घेतो आणि तिथे आणखी थोडं जातं. म्हणजे पाइपाने दीड टक्का कमवायचा आणि उष्णतेत चार-पाच टक्के घालवायचे. गाडी हायवेवर पळू लागली की बॉनेटखालची हवा बदलते आणि फरक कमी होतो, हे खरं. पण ठाणे-घोडबंदरच्या रांगेत किंवा हिंजवडीच्या वाटेवर ती पळते किती वेळ, हा प्रश्न उरतो. बाजारात मिळणारा ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा, ज्याला हीट शील्ड म्हणतात, फारसा उपयोगी नसतो. पत्रा वरून बॉनेटला रबर बीडिंगने टेकला पाहिजे आणि त्याच्या आत बाहेरची हवा आणणारी वेगळी नळी पाहिजे. एवढं सगळं केलं की जे तयार होतं त्याला एअरबॉक्स म्हणतात, आणि तो माळ्यावर असतोच.

हे मोजणं महाग नाही. २०१३ नंतरच्या जवळपास प्रत्येक कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचायचं, सॉकेट असतं. साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप लावलं की आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय ते, दिसतात. कंपनीच्या बॉक्ससह आणि नंतर नव्या पाइपसह, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी बंद ठेवून नोंद घ्यायची. बाहेरच्या तापमानापेक्षा आतली हवा चालत्या गाडीत दहा अंशांहून जास्त गरम राहत असेल तर रचना फसली असं समजावं.

अडथळा मोजायला तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. ती इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बसवायची, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरायचं, एक टोक उघडं ठेवायचं आणि दुसरं फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या भागाला जोडायचं. दोन बाजूंच्या पातळीत दहा सेंटिमीटर फरक म्हणजे एक किलोपास्कल. यूच्या बाजू निदान मीटरभर उंच हव्यात आणि इंजिनाकडच्या टोकाला मध्ये एक रिकामी बाटली हवीच, नाहीतर नळीतलं पाणी इंजिन पिऊन टाकेल. डायनोवर (गाडी रोलरवर जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ही चाचणी दहा मिनिटांत होते. रस्त्यावर करायची तर बाजूला बसलेल्याने आकडा वाचायचा आणि जागा बंद ट्रॅकचीच निवडायची. मूळ बॉक्सवर पंधरा सेंटिमीटर आले तर सुधारण्याजोगं फार काही नाही. चाळीस आले तर आधी फिल्टर बदलून बघावा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच संपतं.

खरी गडबड सेन्सरपाशी होते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅनिफोल्डमधला दाब बघून हवेचा अंदाज बांधतात, म्हणजे मॅप सेन्सरवर चालतात. त्या पाइप बदलला तरी निमूट सांभाळून घेतात. दुसऱ्या गाड्यांत मॅफ सेन्सर असतो. तापलेली तार किंवा पापुद्रा हवेच्या झोताने किती थंड होतो यावरून तो हवा मोजतो आणि ती मोजणी त्याच्या भोवतालच्या नळीच्या व्यासावर बेतलेली असते. मूळ नळी आतून ६० मिलिमीटरची असेल आणि तुम्ही सेन्सर आतून ७० मिलिमीटरच्या पाइपात बसवला, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढलं. तेवढ्याच हवेचा वेग कमी झाला आणि सेन्सरने चौथा हिस्सा हवा मोजलीच नाही. ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल वाढवत नेतो, पण त्याची मर्यादा साधारण २५ टक्क्यांची असते. ती संपली की पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा दोष-कोड, येतो आणि चेक लाइट लागतो. त्याहून वाईट अवस्था पूर्ण एक्सिलेटरवर, कारण तिथे बऱ्याच गाड्यांत ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती थांबते आणि इंजिन पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणावर खेचत राहतं. नॉकिंग, जळलेले व्हॉल्व्ह, वितळलेल्या पिस्टनच्या कडा ही त्याची फळं. व्यास बरोबर ठेवला, पण सेन्सरच्या लगेच आधी एल्बो दिला, तरी झोत एका बाजूला झुकतो आणि आकडा थरथरतो. सेन्सरच्या आधी नळीच्या व्यासाच्या काही पट सरळ तुकडा लागतोच. सेन्सरच्या मूळ घरातली जाळी झोत सरळ करण्यासाठी असते. ती अडथळा समजून काढणारे कमी नाहीत.

तेल लावून वापरायच्या कापडी एअर फिल्टरचा दोष वेगळा. धुतल्यावर तो सावलीत पूर्ण वाळवून, त्याचंच तेल मोजून लावायचं आणि मुरायला वेळ द्यायचा असतो. गॅरेजमध्ये घाईने, प्रसंगी इंजिन ऑइलच, सढळ हाताने लावलं जातं. जादा तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि सेन्सर मंद होतो. मॅफ क्लीनरचा स्प्रे लांबून मारून तो आपोआप वाळू द्यायचा. कापूस, ब्रश, बोट काही लावायचं नाही.

डिझेलमध्ये गोष्ट अधिक गंभीर आहे आणि माझ्या मते सार्वजनिक प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. डिझेलचा मॅफ मुख्यतः ईजीआर सांभाळतो, म्हणजे जळालेला वायू किती परत आत घ्यायचा हे त्यावरून ठरतं. मोठ्या पाइपामुळे मॅफने ताजी हवा कमी मोजली की ईसीयूला वाटतं ईजीआर फार उघडा आहे. तो ईजीआर बंद करत जातो, ज्वलनाचं तापमान चढतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. त्याच वेळी धूर होऊ नये म्हणून, मोजलेल्या हवेच्या मानाने, ईसीयू डिझेलही कमी सोडतो. म्हणजे मालकाची ताकद कमी झाली, शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत विष वाढलं आणि सायलेन्सर मात्र स्वच्छ दिसतो. टर्बो डिझेलला मोकळ्या पाइपाचा फायदाही जवळजवळ नसतो. ईसीयू ठरलेला बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, गाठेपर्यंत टर्बोला (हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याला) फिरवतो, त्यामुळे फिल्टरने थोडं अडवलं तरी टर्बो ते भरून काढतो. उलट फिल्टरची सैल क्लिप किंवा एम-सीलचा तुटलेला तुकडा आत गेला तर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरची पाती गेलीच.

आता पीयूसीला काय दिसतं ते बघू. बीएस-४ (उत्सर्जनाचं सरकारी मानक) आणि त्यापुढच्या पेट्रोल कारला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. २५०० आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा आणि इंधनाचं प्रमाण; नेमकं असेल तर १) १ च्या ०.०३ अलीकडे-पलीकडे हवा. ट्रिमच्या मर्यादेत असलेली गाडी सहसा हे पार करते, कारण न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत ईसीयू सगळं सावरून घेतो. डिझेलचा फक्त धूर मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड दोन्हींत मोजलेच जात नाहीत. बॉनेट कोणी उघडत नाही. खाजगी कारचं पासिंग पंधरा वर्षांनी एकदा, त्यामुळे तिथेही मधली सगळी वर्षं मोकळी. म्हणजे कायदा कागदावर अतिशय कडक आहे आणि ज्या एका जागी गाडी दरवर्षी तपासायला येते तिथे तो आंधळा आहे. गाडी न आणता पीयूसी मिळते त्या केंद्रांचा विषय मी इथे काढत नाही.

पकडलं कोणाला जातं? ज्याचा आवाज येतो त्याला. बुलेटच्या फटाका सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत येतात आणि बघायला बरं वाटतं. पण ईजीआरला पत्र्याची चकती लावून तो बंद केलेली डिझेल एसयूव्ही त्याच रस्त्यावरून शांतपणे निघून जाते. कागदावर दोघांनाही प्रत्येक बदलामागे तेच पाच हजार. बॉक्सच्या आत त्याच मापाचा धुवायचा फिल्टर टाकणारा माणूस तर उत्पादकाच्या तपशिलापासून ढळला की नाही, हे तुम्ही कोणत्या इन्स्पेक्टरला विचारता यावर अवलंबून. ज्या कायद्यात निरुपद्रवी, मूर्खपणाचा आणि घातक हे तीन बदल एकाच रांगेत उभे राहतात, तो पाळावा असं कोणाला वाटत नाही.

ब्रीदरचंच उदाहरण घ्या. इंजिनाच्या वरून एक जाड नळी फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूला जाते. पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली उतरलेला वायू आणि तेलाची वाफ तिच्यातून पुन्हा इंजिनात जाऊन जळते. घरगुती इनटेकमध्ये पाइपाला भोक पाडून ही नळी जोडणं किचकट वाटतं, म्हणून तिच्या टोकाला अंगठ्याएवढा छोटा फिल्टर लावून ती तशीच सोडतात. पेट्रोल गाडीत हलक्या एक्सिलेटरवर याच नळीतून क्रँककेसमध्ये हवा आत ओढली जाते. आता ती त्या टीचभर फिल्टरमधून, बॉनेटखालच्या धुळीतून येते आणि थेट ऑइलमध्ये मिसळते. मॅफची गाडी असेल तर ही हवा न मोजलेली, म्हणून मिश्रण पुन्हा पातळ. आणि जोर लावला की तेलाची वाफ बाहेर. इतकं नुकसान करणारा बदल आवाज अजिबात करत नाही.

धुळीचा हिशोबही लोक चुकीचा वाचतात. एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ पकडतो आणि दुसरा ९८ टक्के, असं म्हटलं की दोन्ही सारखेच वाटतात. आत काय गेलं ते मोजा: शंभर ग्रॅम धुळीमागे पहिल्यातून अर्धा ग्रॅम, दुसऱ्यातून दोन ग्रॅम. चौपट. साधारण पाच ते वीस मायक्रॉनचे सिलिकाचे कण सर्वांत वाईट, कारण ते तेलाच्या थराएवढे असतात आणि बेअरिंग-रिंगांना पॉलिश पेपरसारखे घासतात. ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कच्च्या रस्त्यांवर किंवा खाणपट्ट्यात चालणाऱ्या गाडीला साध्या, घट्ट बसलेल्या कागदी फिल्टरइतकं चांगलं काही नाही. तोही गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा जवळून मारून फाडला जातो. कागदी फिल्टर झटकायचा किंवा बदलायचा, फुंकायचा नाही.

मग पाणी. फिल्टर थंड हवेत न्यायचा म्हणून तो बंपरमागे, फॉगलॅम्पच्या जागी उतरवतात. हवा थंड मिळते हे खरं, पण तो रस्त्यापासून हात-दीड हातावर येतो. १.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचे ३०० सीसी होतात. कॉम्प्रेशन ११ पट असेल तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा ३० मिलिलिटर, अर्ध्या कटिंग चहाएवढी. डिझेलला त्याहून कमी, वीसच्या आसपास. एवढं पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला जागा नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत समोरून बस गेली की तिची लाटच पुरते. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून आधी पाणी बाहेर काढायचं. विम्याचं इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर हा खर्च सहसा मिळत नाही, आणि ते घेतलेलं असलं तरी न कळवलेला बदल दिसल्यावर सर्व्हेअर काय लिहील हे सांगायला नको.

पीव्हीसीबद्दल थोडक्यात: पाण्याच्या पाइपाचा पीव्हीसी ७५-८० अंशांना मऊ पडतो. गाडी चालवून बंद केल्यावर बॉनेटखाली एक्झॉस्टजवळ तेवढं तापमान होतं. पाइप क्लिपेखाली चेपतो, सांधा सैल होतो आणि गळती लागते. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप त्याहून वाईट, कारण त्याच्या वळ्या झोत तोडतात आणि जोर लावल्यावर तो आतल्या आत आक्रसतो.

इलेक्ट्रिक सुपरचार्जर म्हणून विकला जाणारा पंखा आणि टॉर्नेडो नावाची पत्र्याची भिंगरी यांना एकच उत्तर आहे. सेकंदाला ५३ लिटर हवा पाच किलोपास्कलने दाबायची तर नुसत्या हवेला २६५ वॅट लागतात, मोटरचा तोटा धरून त्याच्या दुप्पट. बारा व्होल्टवर ते चाळीस अँपिअरच्या पुढे जातं. दोन बारीक वायरींचा पंखा तेवढं घेऊच शकत नाही, म्हणजे तो पाइपात अडकवलेला अडथळा झाला. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर लावून ईसीयूला थंडीचा भास करून देणारे तर उन्हाळ्यात नॉकिंगला आमंत्रण देतात.

इतकं वाचून बंदीच बरी असं वाटू शकतं. पण नीट केलेलं कामही अस्तित्वात आहे आणि ते कसं असतं हे ठाऊक आहे. मूळ मॅफचं घर, त्याच्या जाळीसकट, जसंच्या तसं राहतं. फिल्टर बंद पेटीत बसतो, पेटीला ग्रिलमागून बाहेरची हवा येते, तळाला पाच-सहा मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक असतं. पाइप दीड-दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा, टोकांना उभारलेली कड असलेला, कापलेल्या कडांची बरर (धारदार कंगोरे) काढून आतून धुतलेला. सांध्याला सिलिकॉन होज, त्यावर योग्य मापाच्या क्लिपा, थ्रॉटलचं प्लास्टिक चेपणार नाही इतक्याच आवळलेल्या. इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही, म्हणून मध्ये एक लवचीक तुकडा. ब्रीदर मॅफच्या पुढे, मूळ व्यासाच्या नळीने जोडलेला. बसवल्यावर गाडी आठवडाभर चालवून लाँग टर्म ट्रिम बघायचा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या पुढे गेला तर गळती शोधायची, आणि तीही धुराच्या यंत्राने. गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा मारून गळती शोधणारे मेस्त्री गाडी पेटवतात.

अशा कामाला मंजुरीची वाट हवी आणि तिचा नमुना आपल्याच नियमांत आहे. सीएनजी आणि एलपीजीचे किट बसवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११५बी आणि ११५सी हे नियम आहेत. पुण्याच्या एआरएआयसारखी वाहन तपासणी संस्था किट इंजिनाच्या क्षमतेच्या टप्प्यानुसार तपासते, अधिकृत केंद्र बसवतं, आरटीओ आरसीवर नोंद करतो. दोनशे बार दाबाचा सिलिंडर डिकीत ठेवून गाडीचं इंधनच बदलायची सोय जो कायदा करतो, त्याला हवेच्या पाइपासाठी रस्ता काढणं अवघड का जावं? कॅलिफोर्नियातली हवेची कडक नियमावली जगाला ठाऊक आहे. तिथेही उत्सर्जन बिघडवत नाही असं सिद्ध झालेल्या इनटेकला हवा संसाधन मंडळाचा क्रमांक मिळतो. त्याची पट्टी बॉनेटखाली चिकटवतात आणि स्मॉग तपासणीत बॉनेट उघडून ती बघितली जाते. क्रमांक नसेल तर गाडी नापास.

यावर पहिला आक्षेप मनुष्यबळाचा येतो. आरटीओत आहेत तीच माणसं पुरत नाहीत, बॉनेट कोण उघडणार? उत्तर ओबीडीच्या सॉकेटमध्ये आहे. बीएस-६ च्या प्रत्येक गाडीत, आणि बीएस-४ च्याही बहुतेक गाड्यांत, ईसीयू स्वतःचे दोष नोंदवून ठेवतो. पीयूसी केंद्राने स्कॅनर लावून तीन गोष्टी वाचाव्यात: कोड आहेत का, तपासणीच्या आदल्या दिवशी ते पुसलेत का (पुसले असतील तर मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, अपूर्ण दिसतात), आणि ट्रिम किती आहे. मग बॉनेट उघडून ब्रीदर जागेवर आहे का आणि ईजीआरला चकती लावली आहे का, एवढं बघावं. चकतीमुळे सहसा कोड येतोच. आला नसेल तर ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं आहे आणि तो गुन्हा वेगळा मोजला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की एकदा सूट दिली की सगळेच घुसतील. आज बंदी असताना सगळे घुसलेलेच आहेत आणि उलट चांगलं काम करणारा कारागीर लपून करतो, म्हणून त्याला तपासून घेता येत नाही. दंडाची उतरंड हवी. मूळ बॉक्समध्ये त्याच मापाचा फिल्टर टाकायला कोणाची परवानगी लागू नये. मंजूर आराखड्याचा इनटेक नोंदवावा आणि वापरावा. नोंद नसलेला, पण ट्रिम आणि ब्रीदर ठीक असलेला पाइप सापडला तर महिन्याभरात नोंदवा किंवा काढा अशी नोटीस पुरे. ब्रीदर उघडा सोडणं, ईजीआर बंद करणं, सेन्सरला फसवणं यांना मात्र आजच्याहून जास्त दंड हवा आणि तो बसवणाऱ्या गॅरेजलाही हवा. सगळा भार मालकावर टाकला तर तो पुढच्या गॅरेजमध्ये जाऊन तेच करून घेतो.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. मंजुरीचा खर्च फक्त मोठ्या ब्रँडांना झेपेल आणि गल्लीतला वेल्डर बाहेर फेकला जाईल. सीएनजीत थोडंफार तसं झालंच आहे. म्हणून मंजुरी ब्रँडला देऊ नये, मापांना द्यावी. एका इंजिनासाठी मॅफच्या जागचा आतला व्यास, त्याच्या आधीच्या सरळ तुकड्याची लांबी, ब्रीदरची जागा आणि नळीचा व्यास, पेटीचं घनफळ, हवा घेण्याच्या तोंडाची जमिनीपासूनची किमान उंची, निचऱ्याचं भोक आणि पाइपाचं साहित्य, असा आराखडा तपासणी संस्थेने एकदा तपासून जाहीर करावा. तो बघून कोल्हापूरच्या फाउंड्रीशेजारच्या शेडमधल्या माणसाने पाइप वाकवला तरी चालेल, पीयूसी केंद्रात व्हर्नियर आणि स्कॅनर लावून तो जुळतो का एवढं बघायचं.